अण्णांनी ऑपरेशन रद्द केलं

पत्र : सिस्टर, मी कराडची, शाळेत शिकवते. माझे वडील, अण्णा, वय ६७, एसटीत कंडक्टर होते. दीड वर्षापासून त्यांना चालवत नाही. दोनशे पावलं झाली की पोटऱ्यांत मुंग्या येतात, पाय जड होतात. कुठल्यातरी कठड्यावर पाच मिनिटं टेकले की पुन्हा बरं वाटतं. एमआरआय केला. कंबरेच्या मणक्यात नसांची जागा अरुंद झालीय, असं डॉक्टर म्हणाले आणि ऑपरेशनची तारीखही ठरली. माझा भाऊ अमेरिकेत डॅलसजवळ असतो. तो फोनवर म्हणाला, ‘आमच्याच भागातल्या मणक्याच्या एका सर्जनवर मालिका आहे, बघ.’ मी ‘डॉ. डेथ’ लावली. अण्णाही शेजारी येऊन बसले, मी त्यांना अर्थ सांगत गेले. तिसऱ्या भागाला ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. म्हणतात, ‘तो टीव्हीवरचा देवमाणूस काय आणि हा काय, सगळे एकाच माळेचे मणी.’ आई मला बोल लावते. मालिकेत दाखवतात ते खरं असतं का? अण्णांना कसं पटवू? आणि खरं सांगते, आता माझ्याच पोटात गोळा येतो.

उत्तर :

अण्णांना घाबरट म्हणू नका आणि घरात दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नका. मी एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, सिस्टर म्हणून काढली. टेबलावर झोपणारा माणूस आपला सगळा जीव अनोळखी हातांत देतो, आणि भूल चढल्यावर त्याला ‘थांबा’ म्हणायचीही सोय नसते. एवढं ओळखून जो घाबरतो, त्याची अक्कल ठिकाणावर आहे. तेव्हा अण्णांची भीती घालवायच्या मागे लागू नका. ती नेमकी कशाची आहे ते आधी बघू.

तुमचा पहिला प्रश्न खरं-खोट्याचा. ‘डॉ. डेथ’ २०२१ साली आली आणि तिचा गाभा खरा आहे. क्रिस्टोफर डंच हा सर्जन २०११च्या सुमारास डॅलसच्या भागात आला. पुढच्या साधारण दोन वर्षांत त्याने ३८ जणांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यातल्या तीसहून अधिक जणांना इजा झाली, दोन बायका दगावल्या. त्याचा शाळेपासूनचा मित्र त्याच्याच टेबलावरून मानेखाली लुळा होऊन उठला. मालिका म्हटली की काळ आवळतात, चार माणसांची दोन करतात, पार्श्वसंगीताने छाती धडधडवतात. ते सगळं वजा केलं, तरी जे उरतं ते कोर्टात सिद्ध झालेलं आहे. ७४ वर्षांच्या एका बाईंच्या पाठीत त्याने जे करून ठेवलं, त्या गुन्ह्यासाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये डॅलसच्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं आणि जन्मठेप दिली.

त्या बाईंचीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यांच्या कण्यात बसवायचे स्क्रू आणि पट्ट्या हाडाऐवजी भलतीकडेच, स्नायूंत गेल्या होत्या आणि पायाकडे जाणारी एक नस कापली गेली होती. ते निस्तरायला रॉबर्ट हेंडरसन नावाच्या जुन्याजाणत्या सर्जनला बोलावलं. आत बघितल्यावर त्यांना वाटलं, हे कुठल्या सर्जनचं काम असूच शकत नाही, डंचच्या नावावर कुणी तोतया वावरतोय. म्हणून त्यांनी त्याचा फोटो थेट मेम्फिसला, तो जिथे शिकला त्या विद्यापीठाकडे पाठवला. उत्तर आलं, तोच आहे. तिथपासून हेंडरसन आणि दुसरे एक सर्जन, रँडल कर्बी, दोघे त्याच्या मागे लागले. फोन, पत्रं, मेडिकल बोर्डाकडे तक्रारी. तरीही परवाना निलंबित व्हायला जून २०१३ उजाडला.

इतका वेळ का लागला, हे अण्णांना नीट सांगा, कारण मालिकेतला खरा धोका तिथे आहे. डॅलसजवळच्या प्लेनोच्या ज्या हॉस्पिटलात पहिल्या भयंकर घटना घडल्या, तिथून त्याला काढून टाकलं नाही. त्याला राजीनामा देऊ दिला आणि त्याच्यावर कसलेही निर्बंध नव्हते, असं पत्र हातात ठेवलं. काढलं असतं तर सरकारी नोंदवहीत तशी नोंद करावी लागली असती आणि पुढच्या हॉस्पिटलला ती दिसली असती. नोंदच नाही, म्हणून पुढचं दार उघडलं. खटल्यासाठी सरकारी वकिलांनी त्याच्या शिक्षणकाळातल्या शस्त्रक्रियांचे कागद मागवून मोजले, तेव्हा त्या शंभरही भरल्या नाहीत. मेंदू आणि मणक्याचा सर्जन तयार होतो तो शेकड्यांनी शस्त्रक्रिया केल्यावर. हा आकडा कुणीतरी आधी मोजायला हवा होता. मोजला खटल्याच्या वेळी.

आता माझं सांगते, कारण तुम्हाला सांगताना मला ते लपवता येणार नाही. मी एका हॉस्पिटलात होते. तिथे एक वयस्क सर्जन होते, एकेकाळी हातात जादू असलेले. शेवटच्या काही वर्षांत त्यांना नीट दिसत नव्हतं. ओटीतल्या आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. ते हात पुढे करायच्या आत मी योग्य अवजार हातात द्यायची, असिस्टंट डॉक्टर टाका हळूच सरळ करायचा, भूलतज्ज्ञ मान खाली घालायचे. आम्ही त्याला सांभाळून घेणं म्हणायचो. एक दिवस माझ्या शेजारणीने विचारलं, ‘सिस्टर, ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन तुमच्या सरांकडे करू का?’ मी क्षणभरही न थांबता म्हणाले, ‘नको, दुसरीकडे जा.’ शेजारणीला सांगितलं. त्याच आठवड्यात टेबलावर आलेल्या पाच माणसांच्या बायकांना नाही सांगितलं. वरिष्ठांकडेही मी एक ओळ लिहून दिली नाही. सरांनी पुढे स्वतःहून काम थांबवलं. त्या पाच जणांचं काही वाईट झालं नाही, पण त्यात माझा काही गुण नाही. डंचच्या खटल्यात ओटीतली माणसं साक्षीला उभी राहिल्याचं वाचलं तेव्हा मला त्या पाच बायका बाकावर बसलेल्या दिसल्या.

म्हणून अण्णांना मी असं म्हणणार नाही की ‘असं आपल्याकडे होत नाही’. मी त्यांना सांगेन की धोका एका माणसाच्या वाईट हातांत जितका असतो, त्याहून जास्त आजूबाजूच्या दहा माणसांच्या बंद तोंडात असतो. आणि त्या दहा जणांना बोलतं करणं थोडंफार आपल्या हातात असतं.

इंग्लंडातलं उदाहरण याहून जुनं आहे. मँचेस्टरजवळच्या हाइड गावातला फॅमिली डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन. म्हाताऱ्या पेशंटना घरी जाऊन डायमॉर्फिन या जहाल वेदनाशामकाची सुई द्यायचा. १५ खुनांबद्दल जानेवारी २००० मध्ये त्याला शिक्षा झाली आणि नंतरच्या चौकशीत बळींचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्याच्यावरही २००२ साली तिकडे टीव्हीवर नाट्य आलं. त्याच्यावर पहिल्यांदा शंका घेणारी माणसं बघा. गावातला एक टॅक्सीवाला, ज्याच्या रोजच्या गिऱ्हाईक असलेल्या म्हाताऱ्या एकेक करून जायला लागल्या आणि ज्याने त्यांची यादी ठेवली. प्रेतं उचलण्याचा धंदा असलेल्या घरची एक बाई, जिला खुर्चीत नीटनेटक्या कपड्यांत बसून गेलेल्या एवढ्या म्हाताऱ्या विचित्र वाटल्या. आणि शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टर लिंडा रेनॉल्ड्स, ज्यांनी मार्च १९९८ मध्ये ही शंका अधिकाऱ्यांच्या कानावर घातली. पोलिसांनी तेव्हा वरवर चौकशी करून फाइल मिटली आणि शिपमनने आणखी तीन जीव घेतले. तुमचे अण्णा कंडक्टर होते. त्या टॅक्सीवाल्याची गोष्ट त्यांना सांगून बघा, त्यांना ती डॉक्टरांच्या गोष्टीपेक्षा जास्त कळेल.

‘डॉ. डेथ’चा दुसरा सीझन स्टॉकहोमच्या पावलो मॅक्यारिनीवर आहे, कृत्रिम श्वासनलिका बसवणाऱ्या नावाजलेल्या सर्जनवर. तिथेही त्याच्याच चार सहकारी डॉक्टरांनी तक्रार केली, संस्थेने आधी त्यालाच पाठीशी घातलं, आणि वरच्या कोर्टाची शिक्षा २०२३ मध्ये झाली. तो सीझन अण्णांना आत्ता दाखवू नका. ऑपरेशनचा निर्णय होईपर्यंत घरात हा विषय टीव्हीवर नको. खोटं म्हणून नको असं नाही. ज्याला उद्या घाटातून प्रवास करायचाय त्याला आदल्या रात्री अपघाताच्या बातम्या वाचून दाखवत नाहीत, तसं.

आता ‘देवमाणूस’. २०२० साली ती झी मराठीवर सुरू झाली तेव्हा तुमच्या सातारा जिल्ह्यात ती कशी बघितली गेली असेल याची मला कल्पना आहे. ती वाई-धोमच्या प्रकरणावरून सुचलेली, हे तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये संतोष पोळला अटक झाली, धोमला पुरलेले मृतदेह निघाले आणि पोलिसांनी त्याच्यावर सहा खुनांचा आरोप ठेवला. लोक त्याला डॉक्टर म्हणत, पण त्याच्याकडे असलेली पदवी इलेक्ट्रोहोमिओपॅथीची होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

अण्णा म्हणतात एकाच माळेचे मणी. इथे मात्र मी त्यांच्याशी भांडेन. ‘देवमाणूस’मधला माणूस डॉक्टरच नाही. डंच खराखुरा डॉक्टर होता, एमडी होता, पीएचडी होता, परवाना चोख होता. या दोन भीती वेगळ्या आहेत आणि त्यांच्यावरचे उपायही वेगळे. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिलीचा उपाय सोपा आहे. तुमच्या सर्जनच्या प्रिस्क्रिप्शनवर नोंदणी क्रमांक असतो, तो असलाच पाहिजे असा २००२ पासूनचा नियम आहे. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा आहे का, नाव जुळतं का, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवरच्या डॉक्टरांच्या नोंदवहीत तुम्ही घरबसल्या बघू शकता. अण्णांना शेजारी बसवून बघा. पाच मिनिटांत ‘देवमाणूस’ डोक्यातून जाईल.

दुसरी भीती वेबसाइटवर जात नाही. तिच्यासाठी माणसांशी बोलावं लागतं.

एमआरआयची सीडी आणि रिपोर्ट घेऊन दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या हॉस्पिटलच्या मणक्याच्या सर्जनकडे जा. पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेल्या मित्राकडे नको. पहिल्यांचं मत आधी सांगू नका, अण्णांचं दुखणं आधी अण्णांच्या तोंडून सांगू द्या. चालताना पाय भरून येणं आणि बसलं, वाकलं की मोकळं होणं, हे अरुंद झालेल्या कण्याचं नेहमीचं लक्षण आहे. अशा कितीतरी लोकांचं व्यायामावर, औषधांवर वर्षानुवर्षं निभावतं, आणि कितीतरी जण ऑपरेशननंतर देवळाच्या पायऱ्या चढतात. अण्णा कुठल्या गटात बसतात, हे त्यांना तपासल्याशिवाय मी काय, कुणीच सांगू शकत नाही. कागद द्यायला पहिलं हॉस्पिटल कटकट करत असेल तर लेखी अर्ज द्या. मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे, असा नियम आहे. डॉक्टरांना राग येईल याची काळजी करू नका. मी ज्या चांगल्या सर्जनांच्या समोर उभी राहिले, त्यांतल्या एकालाही पेशंटने दुसरं मत घेतल्याचा राग आलेला मी बघितला नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे परत जायचं की नाही याचं उत्तर तुम्हाला फुकटात मिळालं.

प्रश्न अण्णांनी स्वतः लिहावेत. ज्या माणसाने आयुष्यभर रात्री डेपोत येऊन तिकिटांचा आणि पैशांचा हिशोब वेबिलावर रुपया न चुकता जुळवला, त्याच्या हातात वही आणि पेन द्या. हेच ऑपरेशन तुम्ही महिन्याला साधारण किती करता? सुरी तुमच्याच हातात असेल की तुमच्या हाताखालच्या डॉक्टरांच्या? नेमका कुठला मणका? तो चुकू नये म्हणून आत काय करता? (उत्तरात ‘सी-आर्म’ हा शब्द यायला हवा, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाचा एक्स-रे.) नाहीच केलं तर दोन वर्षांनी माझं काय होईल? केल्यावर कुठलं दुखणं जाईल आणि कुठलं राहील? शेवटचा प्रश्न विसरू नका. पाय मोकळे होतात, पण कंबरदुखी बऱ्याचदा थोडी राहते, आणि ते आधी कुणी सांगत नाही म्हणून लोक नंतर फसल्यासारखे वाटून घेतात.

भूलतज्ज्ञांना वेगळं भेटा. आदल्या दिवशी ते तपासायला येतात, तेव्हा त्यांना आणि वॉर्डातल्या सिस्टरला एक साधा प्रश्न विचारा : ‘तुमचे वडील असते, तर इथेच याच डॉक्टरांकडे केलं असतं का?’ तोंडाने काहीही म्हणोत, तुम्ही चेहऱ्याकडे बघा. माझ्या शेजारणीने मला हाच प्रश्न विचारला होता.

संमतीपत्र सकाळी सहाला स्ट्रेचरवर सही करायचा कागद नाही. आदल्या दिवशी मागून घ्या, घरी नेऊन वाचा. कुठलं ऑपरेशन आहे ते त्यात नावानिशी लिहिलेलं असलं पाहिजे. एका ऑपरेशनसाठी दिलेली संमती दुसऱ्याला चालत नाही, जीव वाचवायची वेळ आली तरच अपवाद, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलंय. आणि हॉस्पिटलला विचारा, इथे सेफ्टी चेकलिस्ट वापरता का? जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढलेली ती १९ ओळींची यादी आहे. सुरी लावण्याआधी सगळे क्षणभर थांबतात, पेशंटचं नाव, ऑपरेशन, जागा मोठ्याने म्हणतात. शेवटी सिस्टर मॉप (रक्त टिपायचे कापडी बोळे) आणि अवजारं मोजून सांगते. या यादीचा खरा उपयोग मला असा वाटतो की ओटीत पदाने सगळ्यात लहान असलेल्या मुलीला सगळ्यात मोठ्या माणसासमोर तोंड उघडायची ती परवानगी देते. माझ्या तरुणपणी ती परवानगी नव्हती. एकदा माझा एक मॉप कमी भरत होता. सर्जन ओरडले, ‘शिवून घेतोय, नंतर बघ.’ मी हटले नाही, रडत रडत हटले नाही. मॉप पोटातच सापडला. त्या दिवशी मी जशी होते, तशी त्या वयस्क सरांच्या वेळी का राहिले नाही, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तुम्ही विचारलंत, पटवू कसं. पटवू नका. ‘ऑपरेशन करून घ्या’ हा धोशा आईलाही बंद करायला सांगा. ‘दुसऱ्या डॉक्टरांना फक्त दाखवून येऊ, तारीख घ्यायची नाही’ एवढंच बोला, आणि तो शब्द पाळा. तिथे गेल्यावर कुणी भरती व्हायला सुचवलं तरी त्या दिवशी घरी परत या. अण्णांनी फोन करून तारीख रद्द केली ती निर्णय आपल्या हातात घेण्यासाठी. तो त्यांच्या हातात राहिला, तर ते ऐकतील. दोन्ही डॉक्टरांचं एकच मत पडलं आणि तरीही ते नको म्हणाले, तर तोही त्यांचा हक्क आहे. मग फिजिओथेरपीचं विचारा, हातात काठी द्या, बाजाराला जाताना वाटेत बसायला दोन ओळखीची दुकानं ठरवा.

आणि तुमच्या पोटातला गोळा. बाहेरच्या बाकावर बसून दाराकडे बघत राहणं हे सगळ्यात अवघड काम आहे. त्या दिवशी एकट्या बसू नका. भावाला सांगा, म्हणावं, फोनवर का होईना, जागा राहा.

एका गोष्टीला मात्र दुसऱ्या मताची वाट बघायची नाही. अण्णांचं पाऊल चालताना घसटतंय का, चप्पल पायातून निसटते आणि त्यांना कळत नाही असं होतं का? लघवी अडते, थेंबथेंब होते किंवा नकळत होते का, शौचाच्या जागेचं, मांड्यांच्या आतल्या बाजूचं भान कमी झालंय का? यातलं काहीही असेल तर नसा फार दाबल्या गेलेल्या असू शकतात आणि दिवस नाही, तास मोजावे लागतात. तेव्हा मालिका, भीती, वही सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मणक्याचा सर्जन असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. मुलीला बाप हे सांगणार नाही. आईला किंवा जावयाला विचारायला लावा, आणि हे पत्र वाचून झाल्यावर आजच विचारा.